रॉकच्या चरित्रपटांविरुद्ध एका रसिकाची फिर्याद

रॉक संगीत आणि लोकप्रिय चित्रपट या दोहोंवर सारख्याच निष्ठेने प्रेम करणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी निराशा, ही दोन प्रेमे जिथे सुखाने एकत्र नांदावयास हवीत नेमक्या त्याच ठिकाणी, म्हणजे रॉक गायकांवर निघणाऱ्या चरित्रपटांत व्हावी, ही गोष्ट मला फार दिवसांपासून खटकत आली आहे. मी संगीतशास्त्राचा पंडित नव्हे आणि चित्रपटतंत्राचाही जाणकार नव्हे. तिकीट काढून चित्रपट पाहणारा आणि तबकडीपासून मोबाइलपर्यंत जे साधन ज्या काळी हाती आले त्यावर गाणी ऐकणारा एक सामान्य रसिक, एवढीच माझी सनद. परंतु फिर्याद गुदरण्यास पांडित्याची अट कोणत्याच अमलात नव्हती, आणि ज्याचे नुकसान झाले त्याने बोलावे हा न्याय सर्वत्र मान्य आहे. माझी फिर्याद थोडक्यात अशी की, लोकप्रिय चित्रपटाने जेव्हा रॉकचे गाणे नुसते वाजू दिले तेव्हा त्या गाण्याचे आणि चित्रपटाचेही कल्याण झाले. आणि ज्या क्षणी तो चित्रपट ते गाणे कोणत्या दुःखातून, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या वियोगाने जन्मले याचा खुलासा करू लागला त्या क्षणी दोन्ही निस्तेज झाली.

या दोन कलांचा ऋणानुबंध जुना आहे. बिल हेली आणि त्याच्या साथीदारांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणे १९५४ साली ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले, तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. ते एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूस टाकलेले गाणे होते आणि तेथेच ते विस्मृतीत जावयाचे. पण १९५५ साली रिचर्ड ब्रुक्स या दिग्दर्शकाने बेबंद विद्यार्थ्यांच्या एका शाळेवर ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ नावाचा चित्रपट काढला, त्याच्या श्रेयनामावलीवर हे गाणे ठेवले, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. पुढच्या वर्षी त्याच गाण्याच्या नावाचा चित्रपट इंग्लंडात लागला तेव्हा तरुण प्रेक्षक खुर्च्यांमधल्या वाटांवर नाचू लागले, काही ठिकाणी दंगाधोपा झाला, आणि कित्येक गावांच्या अधिकाऱ्यांनी त्या चित्रपटावर बंदीचा हुकूम काढला. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’मध्ये त्या गाण्याविषयी कोणीही एक शब्द बोलत नाही, हे मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. ते कोणी रचले, गायकाचे बालपण कसे गेले, बापाने त्याला मारले की काय, यांपैकी कशाचीही वास्तपुस्त तेथे नाही. उलट, चित्रपटात एक सज्जन शिक्षक आपल्या जॅझच्या जुन्या तबकड्या मोठ्या प्रेमाने वर्गात आणतो आणि ती पोरे त्या एकेक करून फोडतात. श्रेयनामावलीतले गाणे कोणाचे आणि कोणाच्या विरुद्ध आहे, हे सांगण्यास तेवढा एक प्रसंग पुरेसा होतो.

नऊ वर्षांनी, १९६४ साली, रिचर्ड लेस्टरने बीटल्सना घेऊन ‘अ हार्ड डेज नाइट’ काढला. त्यामागचा व्यापारी हेतू अगदी उघड होता: निर्मात्या कंपनीस चित्रपटापेक्षा त्याच्या गाण्यांच्या तबकडीत अधिक रस होता, आणि ही चार पोरांची लाट ओसरण्यापूर्वी थोड्या खर्चात, कृष्णधवल, घाईघाईने काहीतरी उरकून घ्यावे असा तिचा मनसुबा होता. अशा हिशेबी तजविजीतून एखादी अस्सल वस्तू निर्माण व्हावी हा कलेच्या इतिहासातील एक नेहमीचा विनोद आहे. त्या चित्रपटात कथानक म्हणावे असे काही नाही. आगगाडी, हॉटेलची खोली, दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमाची तालीम, आणि सतत पाठलाग करणारा जमाव. तालमीतून निसटून चौघे एका मोकळ्या मैदानावर धावत सुटतात आणि त्यावर गाणे वाजते, तेव्हा कोणाचेही ओठ त्या गाण्याबरोबर हलत नाहीत. ते नुसते उड्या मारतात, पडतात, धावतात, आणि गाणे त्यांच्या वरून वाऱ्यासारखे जाते. नायकाने झाडाला धरून ओठ हलवावेत या रूढीत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे दृश्य आजही ताजे वाटते. त्या पोरांच्या आनंदाचे कारण चित्रपट सांगत नाही आणि कारण विचारण्याची गरज पाहणाऱ्यासही भासत नाही.

पुढे ‘ईझी रायडर’ने १९६९ साली स्वतंत्र पार्श्वसंगीत रचून न घेता बाजारात असलेली रॉकची गाणीच जशीच्या तशी चित्रपटास जोडली, आणि मार्टिन स्कॉर्सेसी या गृहस्थाने तर त्या वहिवाटीची एक स्वतंत्र विद्याच केली. १९७३ सालच्या ‘मीन स्ट्रीट्स’मध्ये रॉबर्ट डी नीरो रोलिंग स्टोन्सच्या गाण्यावर मद्यगृहात शिरतो, तेव्हा त्या पात्राविषयी जे कळावयाचे ते सर्व त्या चालण्यातून आणि त्या गिटारीतून कळून जाते. ‘गिमी शेल्टर’ हे स्टोन्सचे गाणे स्कॉर्सेसीला इतके प्रिय की ‘गुडफेलाज’, ‘कॅसिनो’ आणि ‘द डिपार्टेड’ अशा तीन चित्रपटांत त्याने ते योजिले. आणि गंमत अशी की प्रत्यक्ष रोलिंग स्टोन्सच्याच कार्यक्रमावर त्याने २००८ साली ‘शाइन अ लाइट’ काढला, त्यात मात्र ते गाणे नाही. माणसाच्या आवडीनिवडीला तर्क नसतो, आणि रसिकाने तो शोधूही नये.

आता मुख्य प्रतिवादीकडे वळतो. २०१८ साली आलेला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा क्वीन या वाद्यवृंदाचा आणि विशेषतः त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा चरित्रपट जगभर अफाट चालला, त्याने नव्वद कोटी डॉलरांहून अधिक गल्ला केला, नायकाची भूमिका करणाऱ्या रामी मालेकसह एकूण चार ऑस्कर पारितोषिके त्यास मिळाली, आणि चित्रीकरणाच्या मध्येच मूळ दिग्दर्शक ब्रायन सिंगर याला काढून डेक्स्टर फ्लेचरकडून उरलेले काम पुरे करून घ्यावे लागले तरी त्याच्या यशास बाध आला नाही. अशा लोकमान्य चित्रपटाविरुद्ध बोलणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे होय, याची मला कल्पना आहे. मालेकचे काम उत्तम आहे. खांदा उडविण्याची, हनुवटी वर करण्याची, माइकचा अर्धा दांडा तलवारीसारखा फिरविण्याची मर्क्युरीची लकब त्याने पुरती आत्मसात केली आहे. गाण्याचा आवाज मात्र मुख्यत्वे खुद्द मर्क्युरीच्या ध्वनिमुद्रणांतून आणि त्याच्यासारखा गळा लाभलेल्या मार्क मार्टेल या गायकाकडून घेतलेला आहे. त्यालाही माझी हरकत नाही. आपल्या चित्रपटसृष्टीत उसन्या गळ्याची परंपरा जुनी आणि सन्माननीय आहे.

माझी हरकत आहे ती कालगणनेच्या मोडतोडीला, आणि त्याहून अधिक त्या मोडतोडीमागच्या हेतूला. चित्रपटात क्वीनमध्ये फूट पडते, फ्रेडी साथीदारांचा द्रोह करून एकट्याच्या तबकड्या काढावयास जातो, पश्चात्ताप होऊन परत येतो, आपणास झालेल्या असाध्य रोगाची वार्ता त्यांना सांगतो, आणि मग १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या मैदानावर लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात ते सर्व पुन्हा एकत्र उभे राहतात. वास्तविक त्या वर्षीच्या जानेवारीत क्वीनने ब्राझीलमध्ये रिओच्या महोत्सवात अलोट जनसमुदायापुढे गायन केले होते आणि मे महिन्यात जपानमधला दौरा आटोपला होता; फूट कोठे पडलीच नव्हती. एकट्याने तबकडी काढण्याचा तथाकथित अपराध ड्रमवादक रॉजर टेलर याने १९८१ सालीच करून ठेवला होता, फ्रेडीची तबकडी त्यानंतर चार वर्षांनी आली. रोगाचे निदान, त्याच्या निकटच्या माणसांच्या सांगण्यावरून पाहता, १९८७ सालचे, म्हणजे वेम्बलीनंतर दोन वर्षांचे. तारखा मागेपुढे करण्याचा अधिकार नाटककाराला असतो हे मी मान्य करतो, ऐतिहासिक नाटके पाहत वाढलेला मराठी माणूस ते अमान्य करूच शकत नाही. परंतु येथे तारखा हलविल्या त्या एवढ्याचसाठी की वेम्बलीच्या त्या वीस-एकवीस मिनिटांना काहीतरी कारण मिळावे. एखादा माणूस सत्तर हजारांच्या समुदायास केवळ आपल्या कसबाच्या आणि अनेक वर्षांच्या सरावाच्या जोरावर मुठीत घेऊ शकतो, यावर चित्रपटकर्त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना त्यामागे मृत्यूची छाया, पश्चात्ताप आणि मित्रांचा समेट हवा होता.

आणि यातला विपर्यास असा की, चित्रपटातला सर्वांत उत्कृष्ट भाग वेम्बलीचाच आहे. तो रंगमंच एका जुन्या विमानतळावर जवळजवळ हुबेहूब उभारला होता. पियानोवर ठेवलेले पेयांचे पेलेसुद्धा मूळ चित्रफितीशी ताडून मांडले होते. त्या अवधीत चित्रपट चरित्र सांगणे थांबवतो आणि केवळ गाणी होऊ देतो, आणि चित्रपटगृहातला माणूस, मीही त्यात आलो, खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो. अर्थात मूळ कार्यक्रमाची चित्रफीत पाहू इच्छिणाऱ्यास आज ती घरबसल्या विनामूल्य पाहता येते, आणि ती पाहिल्यावर नक्कल कितीही नामी असली तरी ती नक्कलच, हे तत्काळ ध्यानात येते.

मराठी प्रेक्षकाची या चित्रपटाविषयी आणखी एक खासगी तक्रार असू शकते. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, जन्मला झांझिबारला १९४६ साली एका पारशी कुटुंबात. पण वयाच्या आठव्या वर्षापासून पुढची अनेक वर्षे त्याचे शिक्षण झाले ते आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. फ्रेडी हे नाव त्याला तेथेच पडले, पियानो तो तेथेच शिकला, आणि ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी पोरांचा वाद्यवृंद त्याने तेथेच काढला. त्यात तो पियानो वाजवीत असे आणि क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या काळची गाणी ते वाजवीत. जगातील एका थोर रॉक गायकाची पहिली मैफल सातारा जिल्ह्यात झाली ही आपल्या दृष्टीने केवढी मौजेची गोष्ट! चित्रपटात या साऱ्याचा ओझरता उल्लेख वगळता मागमूस नाही. त्याची कथा सुरू होते ती १९७० च्या लंडनमध्ये. प्रथम मला याचे वैषम्य वाटले. मग विचार केला की पाचगणी त्यात असती तर काय झाले असते: टेबललँडच्या कड्यावर एक एकाकी बालक उभे, खाली कृष्णेचे खोरे, दूरवरून घंटानाद, आणि त्या घंटेच्या सुरातून वीस वर्षांनी होणाऱ्या गाण्याची पहिली ओळ ऐकू येते, हे सर्व त्यांनी नक्कीच केले असते. पाचगणी वाचली हे बरेच झाले.

चरित्रपट असे का होतात याचे एक कारण मात्र कलेत नसून मिळकतीच्या कायद्यात आहे, आणि ते प्रेक्षकांनी जाणून घेणे इष्ट. रॉक गायकाचा चरित्रपट गाण्यांवाचून निघू शकत नाही, आणि गाण्यांचे हक्क गायकाच्या, त्याच्या साथीदारांच्या, वारसांच्या किंवा ज्या कंपनीने ते खरेदी केले तिच्या कब्जात असतात. ज्यांनी मंजुरी न मिळवता चित्रपट काढले त्यांची गत काय झाली याचे दाखले आहेत: डेव्हिड बोवीवरच्या २०२० सालच्या ‘स्टारडस्ट’मध्ये बोवीने रचलेले एकही गाणे नाही, आणि २०१३ साली जिमी हेंड्रिक्सवर निघालेल्या चित्रपटात हेंड्रिक्सच्या स्वतःच्या रचना नाहीत. म्हणून मंजुरी घ्यावी लागते, आणि मंजुरी देणारा धनी आपल्या घराण्याची बखर कशी लिहून घेतो हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या निर्मितीत ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे क्वीनचे हयात सभासद सामील होते, चित्रपटात ते दोघे सदैव समंजस, वक्तशीर आणि कुटुंबवत्सल दिसतात आणि सर्व दोष उरतो तो खुलासा करावयास हयात नसलेल्या माणसाकडे, हा निव्वळ योगायोग मानण्याइतका मी भोळा नाही. पुन्हा, गाण्यांचा संग्रह ही आता मोठ्या किमतीची मालमत्ता झाली आहे. बॉब डिलनने आपल्या रचनांचे हक्क २०२० साली एका बलाढ्य प्रकाशन कंपनीस विकले, आणि अशा मालमत्तेची किंमत राखण्यास दर काही वर्षांनी एक लोकप्रिय चित्रपट निघणे हे जाहिरातीपेक्षा स्वस्त पडते.

डिलनवरून आठवण झाली. जेम्स मॅनगोल्डने २०२४ साली काढलेला ‘अ कम्प्लीट अननोन’ हा याच जातीचा पण पुष्कळ बरा चित्रपट आहे. टिमथी शालमे त्यात स्वतः गातो, आणि डिलन हा माणूस मुळात कोण होता याचे उत्तर चित्रपट देत नाही, हा त्याचा मोठा गुण. तरीसुद्धा मोह सुटला नाही. डिलनने विजेची गिटार हाती घेतल्यामुळे संतापलेल्या एका श्रोत्याने त्याला विश्वासघातकी ज्यूडासच्या नावाने हाक मारली ती मँचेस्टरला, १९६६ च्या मे महिन्यात; चित्रपटाने ती हाक उचलून त्याच्या आदल्या वर्षीच्या न्यूपोर्ट महोत्सवात आणून बसविली, कारण सर्व क्रोध एका रात्रीत आणि एका मैदानात मावला पाहिजे. डिलनवरच टॉड हेन्सने २००७ साली ‘आय अ‍ॅम नॉट देअर’ काढला होता. त्यात सहा निरनिराळ्या नटांनी डिलनच्या सहा छाया रंगविल्या, त्यांपैकी एक केट ब्लँचेट ही स्त्री, आणि एक कृष्णवर्णीय बालक. तो चित्रपट अवघड आहे, मधूनमधून कंटाळवाणाही आहे, आणि त्याने पैसा केला नाही. पण तो पाहून घरी आल्यावर मी डिलनची गाणी ऐकावयास बसलो, आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पाहून आल्यावर जेवून झोपी गेलो. माझ्यासारख्याजवळ चित्रपट मोजण्याचे याहून निराळे माप नाही.

गाणे जन्मते कसे हे पडद्यावर दाखविता येतच नाही, असा बचाव कोणी मांडील, तर त्याच्यापुढे मी पीटर जॅक्सनचा ‘गेट बॅक’ ठेवीन. १९६९ च्या जानेवारीत बीटल्सच्या तालमींचे जे तासन्‌तास चित्रीकरण झाले होते त्यातले बहुतेक अर्धशतक पेटाऱ्यात पडून राहिले, आणि २०२१ साली जॅक्सनने त्यातून सुमारे आठ तासांचा तीन भागांतला अनुबोधपट सिद्ध केला. आठ तास! पुष्कळ वेळ त्यात काहीही घडत नाही. माणसे चहा पितात, वर्तमानपत्र वाचतात, जुनी गाणी वेडीवाकडी म्हणतात. आणि मग एका सकाळी लेनन यावयास उशीर झाला आहे, मॅकार्टनी आपली बेस गिटार साध्या गिटारीसारखी छेडीत काहीबाही गुणगुणत आहे, शब्द अजून शब्द झालेले नाहीत, समोर बसलेला जॉर्ज हॅरिसन चक्क जांभई देतो, रिंगो शून्य नजरेने पाहत आहे, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत त्या गुणगुणण्यातून ज्या गाण्यावरून अनुबोधपटाचे नाव ठेवले तेच गाणे आकार घेऊ लागते. जांभई देणारा मनुष्य हळूहळू गिटार उचलतो. लेनन येतो, बसतो, आणि काही न विचारता वाजवू लागतो. कोणाची प्रेयसी सोडून गेलेली नाही, खिडकीबाहेर पाऊस पडत नाही, कोणाचा बाप वारलेला नाही. कामाची वेळ झाली होती, हाती वाद्य होते, आणि माणसाला गाण्याची सवय होती. चरित्रपटांच्या सर्व खुलाशांपेक्षा हॅरिसनची ती एक जांभई मला अधिक मोलाची वाटते, कारण चमत्कार घडत असताना शेजारच्याला त्याचा पत्ता नसतो हे सत्य कोणत्याही पटकथाकाराला सुचले नसते, आणि सुचले असते तरी निर्मात्याने ते खोडले असते.

असाच दुसरा निर्वाळा ‘गिमी शेल्टर’ या १९७० सालच्या अनुबोधपटाचा. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांनी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिकेतल्या दौऱ्याचे चित्रीकरण केले, आणि त्याचा शेवट डिसेंबर १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँट येथील विनामूल्य कार्यक्रमात झाला. तेथे रंगमंचाच्या राखणीस हेल्स एंजल्स या मोटारसायकलवाल्या टोळीला नेमण्याचा अविचार झाला होता आणि रंगमंचासमोर एक अठरा वर्षांचा तरुण भोसकला जाऊन मेला. तो प्रकार कॅमेऱ्यात सापडला. संकलनाच्या टेबलाशी बसून मिक जॅगर ती फीत मागेपुढे करून पाहतो आणि आपण जॅगरकडे पाहतो. तो फारसे काही बोलत नाही, चित्रपटही बोलत नाही. रॉकच्या बेबंदपणाची किंमत काय आणि ती कोण चुकती करतो, यावर इतका कठोर पंचनामा मी दुसरा पाहिलेला नाही.

थट्टेच्या चित्रपटांनीही चरित्रपटांपेक्षा अधिक सत्य सांगितले आहे. रॉब रायनरचा १९८४ सालचा ‘धिस इज स्पायनल टॅप’ हा एका काल्पनिक, उतरत्या काळातल्या वाद्यवृंदाचा खोटा अनुबोधपट. त्यात ध्वनिवर्धकावरचे आकडे दहावर न थांबता अकरापर्यंत जातात म्हणून तो अधिक मोठा वाजतो असे गिटारवादक गंभीरपणे पटवितो, आणि नेपथ्याच्या कागदावर फुटांऐवजी इंचांची खूण पडल्यामुळे स्टोनहेंजचा प्राचीन शिलाखंड दीड फुटाचा होऊन रंगमंचावर अवतरतो. खऱ्या रॉकवाल्यांनी त्यात आपली छबी ओळखली, यातच सर्व आले. ‘वॉक हार्ड’ने २००७ साली चरित्रपटाच्या ठरीव साच्याची, म्हणजे बालपणीचा अपघात, बापाचा शाप, व्यसन, पतन, पत्नीचे अश्रू आणि अखेरचा टाळ्यांचा कडकडाट या क्रमाची इतकी नामोहरम करणारी खिल्ली उडविली की तो साचा तेथेच मोडीत निघावयास हवा होता, निघाला नाही, अकरा वर्षांनी त्याच साच्यातल्या चित्रपटाने चार ऑस्कर नेली.

आपल्याकडे हिंदी चित्रपटाने रॉकला हात घातला तेव्हा काय झाले, हे थोडक्यात सांगतो. २००८ सालच्या ‘रॉक ऑन’मध्ये मुंबईतल्या चार मित्रांचा मोडलेला वाद्यवृंद पुन्हा जुळतो, फरहान अख्तर आपल्या घोगऱ्या, अशिक्षित आवाजात स्वतः गातो, आणि तो आवाज सुरेल नाही म्हणूनच खरा वाटतो. नोकरी, संसार आणि माळ्यावर टाकलेली गिटार ही मुंबईच्या मध्यमवर्गाला पटणारी हकीकत होती. २०११ सालच्या ‘रॉकस्टार’ची गाणी, रहमानची रचना आणि मोहित चौहानचा गळा, यांविषयी दुमत असण्याचे कारण नाही; पण हृदय फुटल्याखेरीज माणूस कलावंत होत नाही या भाबड्या सिद्धांतावर तो सबंध चित्रपट उभा आहे, आणि नायक त्या सिद्धांताप्रमाणे शिस्तीत हृदय फोडून घेतो. चित्रपट सुटल्यावर गाणी बरोबर येतात, सिद्धांत तेथेच राहतो.

गाणाऱ्या माणसाचे चरित्र पडद्यावर मांडणे अशक्य आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास मराठी माणसाला तोंडच नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. व्हेनिसच्या महोत्सवात पुढच्या वर्षी त्याचा गौरव झाला. रॉकच्या चर्चेत तुकोबांस ओढणे काहींना अनाठायी वाटेल, पण माझ्या मुद्द्यास याहून नेमका दाखला मला ठाऊक नाही. त्या चित्रपटात चमत्कार आहेत, शेवटी विमानसुद्धा येते. तरीही दामले-फत्तेलालांनी एक पथ्य पाळले. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम गातो तो श्वास घेतल्यासारखा, चालता चालता, काम करता करता; अमुक अपमान झाला म्हणून तमुक अभंग सुचला असा हिशेब तेथे कोणी मांडीत नाही. घरात उपाशी पोरे आहेत, जिजाईच्या रूपाने गौरी विठ्ठलाला तोंडाला येईल ते बोलते आहे, तिचे म्हणणे अगदी रास्त आहे, आणि तरी गाणे थांबत नाही. शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी रचलेले एक पद पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गाण्याला कारणाची चिठ्ठी जोडली नाही म्हणूनच ती गफलत होऊ शकली, असे मला वाटते.

चरित्रपटांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, तो असा की, त्यांच्यामुळे नव्या पिढीस जुनी गाणी कळतात. ही गोष्ट खरी आहे. पण त्यासाठी चरित्र लागत नाही. १९९२ सालच्या ‘वेन्स वर्ल्ड’ या निव्वळ थिल्लर विनोदी चित्रपटात पाच टवाळ तरुण एका टीचभर मोटारीत बसून ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे लावतात, आपापला भाग म्हणतात, आणि गिटारीचा कडकडाट आला की सर्वजण एकदम माना हलवितात. बस, एवढेच. माइक मायर्सने हट्ट धरून ते गाणे त्यात ठेवविले होते. १९७६ साली अमेरिकेच्या यादीत नवव्या क्रमांकाच्या वर न गेलेले ते गाणे, गायक वारल्यावर काही महिन्यांतच, त्या एका प्रसंगामुळे दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्या प्रसंगात फ्रेडीविषयी अवाक्षर नाही. ते गाणे ऐकताना माणसाला काय होते, एवढे मात्र त्यात संपूर्ण आहे. विशेष हे की, २०१८ च्या चरित्रपटात त्याच मायर्सला, हे गाणे मोटारीत बसून कोणी ऐकणार नाही असे म्हणणारा कंपनीचा अधिकारी बनविले आहे. विनोद चांगला आहे, पण ते पात्र कल्पित आहे, आणि विनोद चालतो तो १९९२ चा चित्रपट पाहिलेल्यांच्या जिवावर.

आता सॅम मेंडिस हा दिग्दर्शक बीटल्सच्या चौघांवर चार स्वतंत्र चित्रपट काढीत आहे आणि ते २०२८ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित करण्याचे जाहीर झाले आहे. चारही पाहण्यास मी जाईन, हे वेगळे सांगावयास नको. वाचकांना विनंती एवढीच की, तत्पूर्वी त्यांनी सवड काढून ‘गेट बॅक’चे आठ तास पाहून घ्यावेत, म्हणजे पडद्यावर पावसाळी खिडकीपाशी उभा राहून कोणी गाणे रचू लागला, तर त्याचे किती ऐकावयाचे हे ज्याचे त्याला ठरविता येईल.